काकाचा खांदा निखळतो, तुझा का नाही?

चल, आधी एक गंमत करू! मासिक बाजूला ठेव आणि उठून उभं राहा. उजवा हात सरळ वर कर. आता तो पुढून खाली आणि मागून वर असा गरगर फिरव. जमलं? आता तोच हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकड. तेही जमलं! आता पाठीमागून हात नेऊन पाठ खाजव बघू.

आता हेच सगळं गुडघ्याला करायला सांग. बघ, ऐकतो का! गुडघा आपला वाकतो आणि सरळ होतो. फार तर जरासा वळेल. पण गरगर फिरायचं त्याच्या नशिबात नाही.

आपल्या अंगात जेवढे सांधे आहेत ना, त्यात सगळ्यात जास्त फिरणारा सांधा खांद्याचा. चिंच पाडायची, कबड्डीत गडी टिपायचा, विहिरीत सपासप हात मारत पोहायचं, सगळं त्याच्याच जिवावर!

पण एवढी मोकळीक फुकट मिळते होय? मुळीच नाही!

शाळेच्या गॅदरिंगमधली लिंबू-चमचा शर्यत आठवते ना? तोंडात चमचा, चमच्यावर लिंबू, आणि पळायचं. तुझा खांदा जन्मभर हीच शर्यत खेळतोय!

विश्वास बसत नाही? खांद्याच्या मागे, पाठीवर हात नेऊन बघ. एक चपटं, तिकोनी हाड लागेल. तो खांद्याचा फरा. फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक उथळ खळगा असतो. तो झाला चमचा. आणि दंडाच्या हाडाचं वरचं टोक असतं गोल गोल. ते झालं लिंबू.

आता खरी मजा ऐक. हे लिंबू चमच्यापेक्षा कितीतरी मोठं असतं! कुठल्याही क्षणी त्याचा पाव ते एक तृतीयांश भागच चमच्याला टेकलेला असतो. बाकीचं लिंबू बाहेरच!

मग ते पडत कसं नाही? कारण खांदा चक्क लबाडी करतो! चमच्याला भोवतीनं एक चिवट, रबरासारखी कडा असते. तिच्यामुळे चमचा थोडा खोल होतो. लिंबाभोवती एक पिशवी असते. हाडाला हाड बांधणारे पक्के बंध असतात. आणि चार स्नायू पुढून, वरून आणि मागून लिंबाला चमच्यावर दाबून धरतात. शर्यतीत असं लिंबू दाबून धरलं असतं, तर सरांनी तिथल्या तिथे बाद केलं असतं!

तरीही कधीकधी जोराचा हिसका बसतो आणि लिंबू घसरतं. त्यालाच आपण म्हणतो, खांदा निखळला. शंभरातल्या पंचाण्णव वेळा तरी ते पुढच्या बाजूलाच घसरतं.

आणि हे दुखणं आजकालचं नाही हं! इजिप्तमध्ये इपुई नावाच्या एका कारागिराची कबर आहे, सुमारे ३२०० वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवरच्या चित्रात एक माणूस जमिनीवर आहे आणि दुसरा त्याचा हात धरून खांदा बसवतोय असं दिसतं. म्हणजे तेव्हाही लोक पडत होते, ओरडत होते आणि कुणीतरी धावून येत होतं!

आता ओळख पाहू!

समजा, आपण अमडापुरात आहोत. बुलढाणा जिल्ह्यातलं, चिखली तालुक्यातलं, चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव. शाळा सुटलीय. एका भल्या मोठ्या चिंचेवर दोघं चढलेत. एक सात वर्षांचा मुलगा आणि दुसरा त्याचा पंचवीस वर्षांचा काका. (काका तिथे काय करतोय, ते विचारू नकोस!) फांदी मोडली. दोघंही धपकन पडले आणि दोघांनाही खांद्यालाच मार बसला.

सांग, खांदा कुणाचा निखळेल?

"मुलाचा! तो लहान आहे, नाजूक आहे!" असंच म्हणणार होतास ना? म्हणणार होतीस ना?

चूक! निखळला तर काकाचा निखळेल. दहा वर्षांखालच्या मुलांचा खांदा निखळणं ही फारच दुर्मीळ गोष्ट आहे. हाडांच्या डॉक्टरांनाही ती क्वचितच बघायला मिळते.

मग मुलगा काकापेक्षा मजबूत झाला का? थांब, इतक्यात कॉलर ताठ करू नकोस!

हिसका बसला की तो सांध्याजवळची सगळ्यात कच्ची जागा शोधतो. काकाच्या खांद्यात कच्ची जागा म्हणजे ते बंध आणि ती रबरी कडा. ती फाटते आणि लिंबू बाहेर. पण सात वर्षांच्या मुलाचे बंध असतात एकदम चिवट. ते सोडतच नाहीत! लिंबू चमच्यावर राहतं. आणि कच्ची जागा निघते भलतीकडेच, दंडाच्या हाडातच, लिंबाच्या जरा खाली!

तिथे असं काय असतं? तिथे असते मुलांच्या हाडातली सगळ्यात भारी वस्तू.

उंची वाढवणारी चकती

नाकाचा शेंडा बोटानं दाब. कान दुमड. वाकतात ना? त्यांच्या आत हाड नाही, कूर्चा आहे. कूर्चा म्हणजे मऊ, लवचीक, हाडाची धाकटी बहीणच म्हण.

आता काय गंमत आहे बघ! तुझ्या प्रत्येक लांब हाडाच्या टोकाजवळ अशाच कूर्चेची एक पातळ चकती असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. आपण म्हणू वाढीची चकती. तिच्यातल्या पेशी एकावर एक रांगा लावून उभ्या असतात. त्या दुप्पट होतात, फुगतात आणि मग मागच्या पेशींच्या जागी कडक हाड तयार होतं. चकती पुढे सरकते, मागे हाड वाढतं. पुन्हा चकती पुढे, पुन्हा हाड!

गेल्या वर्षीची पँट आखूड झाली ना? ही त्या चकतीची करामत!

पण जी जागा सतत वाढते आहे, ती कडक कशी असणार? म्हणून हाडापेक्षा आणि बंधापेक्षाही ती कच्ची. मोठेपणी वाढ थांबली की चकती हाडात विरघळून जाते. खांद्याजवळची चकती साधारण सोळा ते वीस वर्षांच्या दरम्यान मिटते, मुलींची थोडी आधी, मुलांची थोडी नंतर. काकाच्या हाडात ती आता नाहीच. म्हणून काकाचा सांधा निखळतो आणि मुलाचं हाड चकतीपाशी मोडतं!

बाहेरून मात्र दोघांचं सारखंच दिसतं. खांदा सुजलेला, हात लोंबकळलेला, तोंडातून "आई गं!" आता कुणी म्हणालं, "खांदा उतरलाय, थांब, एक झटका देऊन बसवतो," तर? काय होईल सांग! मुलाच्या खांद्यात बसवायला काही निखळलेलंच नाही. झटका बसेल तो मोडक्या हाडाला आणि बिचाऱ्या चकतीला!

म्हणून आधी एक्स-रे. आपल्याकडे सगळे म्हणतात तसा हाडाचा फोटो.

फोटोत न दिसणारी हाडं

हा फोटो कुणी शोधला माहीत आहे? विल्हेम रोंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला १८९५ च्या नोव्हेंबरात हा फोटो काढणारे अदृश्य किरण सापडले. डिसेंबरात त्यानं आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. फोटोत काय दिसलं? बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी! १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल पारितोषिक त्यालाच मिळालं.

पण मुलांचा फोटो वाचणं म्हणजे डॉक्टरांची परीक्षाच! एक्स-रेमध्ये हाड पांढरं दिसतं, पण कूर्चा जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे चकतीच्या जागी दिसते एक काळी फट. नवख्या माणसाला वाटतं, अरे बापरे, हाड तुटलं! आणि कधी खरंच तिथे इजा असते, पण फोटो साधाच वाटतो. मग डॉक्टर कधीकधी न दुखणाऱ्या हाताचाही फोटो काढतात आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघतात. म्हणून "दुसऱ्या हाताचा फोटो कशाला? तो तर बरा आहे!" असं म्हणायचं नाही हं!

टोरांटोमधल्या सॉल्टर आणि हॅरिस या दोन डॉक्टरांनी १९६३ मध्ये चकतीच्या इजांचे पाच प्रकार सांगितले. आजही जगभरचे डॉक्टर तेच प्रकार वापरतात.

आता याहून अजब गोष्ट! नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा फोटो काढला तर तिथे किती हाडं दिसतील? मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी छोटी हाडं असतात. मग बाळाच्या? आठ? चार?

शून्य! एकही नाही! सगळी अजून कूर्चेचीच असतात. मग एक एक करत ती फोटोत उगवू लागतात. आठवं, वाटाण्याएवढं हाड दिसायला लागायला तर नऊ ते बारा वर्षं लागतात. म्हणून मनगटाचा फोटो बघून डॉक्टर हाडांचं वय सांगू शकतात!

एकाच हाडाची दोन टोकं, दोन तऱ्हा

दंडाच्या हाडाला चकती दोन्ही टोकांना असते. एक खांद्याजवळ, एक कोपराजवळ. दोघी सारखंच काम करत असतील, असं वाटतं ना?

छे! खांद्याजवळची चकती एकटी ऐंशी टक्के वाढ करते. कोपराजवळची फक्त वीस टक्के. म्हणजे दंडाचं हाड दहा सेंटिमीटर वाढलं, तर आठ खांद्याकडून आले आणि कोपराकडून दोनच!

कोपराखाली पुन्हा उलटं. तिथे जास्त वाढ होते मनगटाजवळ. म्हणजे हात वाढतो तो कोपरापासून लांबच्या टोकांना. आणि पाय? पाय जास्त वाढतो गुडघ्याच्या आजूबाजूला! हात कोपराला टाळतो आणि पाय गुडघ्याला बिलगतो. आहे की नाही कमाल?

आणि ही नुसती गंमत नाही बरं! जिथे वाढ जास्त, तिथे दुरुस्तीही जास्त. लहान मुलाचं हाड खांद्याजवळ मोडलं आणि जुळताना थोडं वाकडं राहिलं, तरी डॉक्टर पुष्कळदा ऑपरेशन करत नाहीत. हात झोळीत बांधतात आणि वाट बघतात. वाढता वाढता हाड स्वतःच सरळ होत जातं! पण तेच हाड कोपराजवळ मोडलं, तर तिथे वाढ कमी, म्हणून माफीही कमी. तिथे हाड नीट जागेवर बसवावंच लागतं.

म्हणजे बघ हं. वाढीची चकती ही तुझ्या हाडाची कच्ची जागा. आणि हाड दुरुस्त करणारी जादूही तिचीच!

पडलं कोण, मोडलं काय?

पडताना आपण काय करतो? हात पुढे टेकतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. सहा-सात महिन्यांच्या बाळाला उचलून अलगद तोंडावर पाडल्यासारखं केलं, तर तेही दोन्ही हात पुढे पसरू लागतं! (हे डॉक्टर तपासून बघतात. तू बघायचं नाही!) डोकं आणि चेहरा वाचावा म्हणून शरीरानं केलेली ही सोय. पण मग सगळा भार येतो तळहातावर. म्हणून मुलांमध्ये सगळ्यात जास्त मोडतात ती मनगटाजवळची हाडं.

आणि ती मोडतातही वेगळ्या तऱ्हेनं. शेतातली वाळलेली तुराटी मोडून बघ. कट्! दोन तुकडे. आता कडुलिंबाची हिरवी, ओली काडी वाकव. एका बाजूनं चिरते, दुसऱ्या बाजूनं नुसती वाकते आणि साल तर तुटतच नाही! तुझं हाड म्हणजे ओली काडी. एका बाजूनं चिरतं आणि दुसऱ्या बाजूनं वाकतं. डॉक्टर याला ग्रीनस्टिक फ्रॅक्चर म्हणतात. हाडालाही साल असते बरं का! हाडावरचं हे पातळ आवरण मुलांमध्ये जाड आणि चिवट असतं. आतलं हाड मोडलं तरी ते पुष्कळदा तुकड्यांना धरून ठेवतं. वर नवं हाड बनवण्याचं कामही करतं!

आता गळ्याच्या खाली, शर्टाच्या कॉलरपाशी बोट ठेव आणि खांद्याकडे नेत जा. एक आडवं, जरासं नागमोडी हाड लागलं? ते कॉलरबोन. तुझ्या हाताला धडाशी हाडानं जोडणारा हा एकच दुवा. खांद्यावर पडलं की मुलांमध्ये पुष्कळदा हेच मोडतं आणि झोळीत हात ठेवला की बहुतेक वेळा आपलं आपण जुळतं. ओळख, या हाडाचं वेगळेपण काय? आईच्या पोटात सगळ्यांच्या आधी कडक व्हायला लागतं ते हेच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात! आणि सगळ्यांच्या शेवटी वाढ पूर्ण करतं तेही हेच, विशी उलटून गेल्यावर! वर्गात पहिलं येणार आणि घरी शेवटी जाणार!

कोपराजवळचं फ्रॅक्चर मात्र खोडकर. पाच ते सात वर्षांच्या मुलांमध्ये ते जास्त दिसतं. झाडावरून, झोक्यावरून, बैलगाडीच्या दांडीवरून हात टेकून पडलं की ते होतं. तिथून हाताला रक्त नेणारी मोठी नळी आणि नसा जातात. हाडाचं टोक त्यांना टोचू शकतं. म्हणून डॉक्टर आधी काय बघतात? हाड नाही, बोटं! बोटं गुलाबी आहेत का? गरम आहेत का? हलतात का? मनगटाची नाडी लागते का? मग हाड जागेवर बसवतात आणि गरज पडली तर बारीक तारा घालून काही आठवडे धरून ठेवतात.

धाकट्या भावंडांची गोष्ट

घरात दोन-तीन वर्षांचं कुणी आहे? मग हे नीट ऐक.

त्याचा हात धरून एकदम वर ओढलं, किंवा दोघांनी दोन हात धरून "एक, दोन, साडेमाडे तीन!" करत झुलवलं, तर काय होतं? कोपरापाशी एका हाडाला गोल वेढा घालणारा एक बंध असतो. लहानपणी तो सैल असतो. हिसक्यानं तो हाडावरून सरकतो आणि सांध्यात अडकतो. बाळ रडतं आणि तो हात वापरायचंच सोडून देतं. सूज नाही, जखम नाही, पण हात लोंबकळलेला. आजी विचारते, "काऊन रडून राह्यलं हे? हात कायले हलवत नाही?"

आणि डॉक्टर काय करतात? हात हलकेच एका ठरावीक पद्धतीनं वळवतात. टुक्! बंध जागेवर. थोड्याच वेळात बाळ त्याच हातानं बिस्किट मागतं!

पाच वर्षांनंतर तो बंध घट्ट होतो आणि ही भानगड सहसा होत नाही. तोवर बाळाला उचलायचं ते मनगट धरून नाही, दोन्ही बगलांखाली हात घालून. पण घरच्या घरी हात वळवून बघायचा नाही हं! कारण खरंच हाड मोडलं असेल तर?

वयाइतके आठवडे!

मोडलेलं हाड जुळतं कसं? आधी तिथे रक्त साकळतं. मग मऊ कूर्चेचा गोळा तयार होतो. त्यात कॅल्शियम भरत जातं आणि तो कडक होतो. मग दोन प्रकारच्या पेशी कामाला लागतात. एक हाड बांधणाऱ्या, दुसऱ्या हाड कुरतडणाऱ्या. जिथे उंचवटा, तिथे कुरतडायचं. जिथे खळगा, तिथे बांधायचं. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फोटो काढला, तर पुष्कळदा कुठे मोडलं होतं हे शोधावं लागतं!

आणि किती दिवसांत जुळतं? मांडीच्या हाडासाठी डॉक्टरांचा एक जुना ठोकताळा आहे. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं सुमारे तीन आठवड्यांत. आठ वर्षांच्या मुलाचं सुमारे आठ आठवड्यांत. बारा वर्षांच्याचं बारा आठवड्यांत. विशीतल्या माणसाचं वीस आठवड्यांत! जितकं वय लहान, तितकं काम झटपट.

आणखी एक सांगू? हे आपल्याकडे फार पूर्वी कुणीतरी लिहून ठेवलंय! सुश्रुतसंहिता हा जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्यात सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. आणि मोडलेलं किती दिवसांत पक्कं होतं, तेही सांगितलंय. लहान वयात एक महिना, मधल्या वयात त्याच्या दुप्पट आणि म्हातारपणी तिप्पट! हाडाला आधार द्यायला पट्ट्या कशाच्या घ्यायच्या? मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू. यातली कितीतरी झाडं तुझ्याच गावात सापडतील. कोणती, ते शोध बघू!

सुश्रुतानं एक ताकीदही दिली आहे. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही. फार घट्ट बांधली तर सूज येते, दुखतं, पिकतं. आजही कुणीकुणी मोडलेला हात बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधतं. मग हात सुजतो, पट्टी सुजत नाही! रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, बोटं निळी पडतात आणि हात कायमचा अधू होऊ शकतो. दोन हजार वर्षं जुनी सूचना आहे, आता तरी ऐकायला हवी ना?

आणि प्लास्टर? ते १८५२ च्या सुमारास अँटोनियस मथायसन नावाच्या हॉलंडच्या लष्करी डॉक्टरानं पट्टीत भरलं. कोरड्या कापडी पट्टीत भुकटी चोळायची, पाण्यात बुडवायची आणि गुंडाळायची. काही मिनिटांत कडक! ही भुकटी म्हणजे तीच पीओपी, जिच्या गणपतीच्या मूर्ती करतात. आणि घट्ट होताना ती गरम होते! प्लास्टर घालताना हात कोमट लागला तर घाबरायचं नाही. मात्र पुढे प्लास्टरच्या आत खाज सुटली म्हणून फूटपट्टी घालायची नाही. मोह होतो, माहीत आहे! पण आत जखम झाली तर कुणाला दिसणारही नाही.

तुझा मित्र पडला तर?

समजा, अमडापुरातल्या बल्लाळदेवीच्या टेकडीवरून पळत उतरताना कुणाचा पाय घसरला. किंवा शेवग्याच्या फांदीवर कुणी चढलं. (शेवग्याचं लाकूड फार ठिसूळ. त्यावर चढायचंच नाही!) हात दुखतोय, हलवता येत नाही. आता तुझी पाळी!

आधी मोठ्या माणसाला हाक मार. डोक्याला, मानेला किंवा पाठीला लागलं असेल, तर पडलेल्याला हलवू नकोस. १०८ या क्रमांकावर फोन केला की महाराष्ट्रात कुठेही फुकट रुग्णवाहिका येते.

फक्त हातालाच लागलं असेल, तर तो आहे तसाच राहू दे. ओढायचा नाही, चोळायचा नाही, तेल लावायचं नाही. जाड वही किंवा वर्तमानपत्राची घडी हाताखाली आधाराला ठेव आणि ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकव. सुजेवर बर्फ ठेवायचा तो कापडात गुंडाळून. बांगडी, कडं, घड्याळ लगेच काढून घे, नाहीतर सूज आल्यावर निघणार नाही!

आणि एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही. डॉक्टरांना दाखवेपर्यंत काही खायला-प्यायला द्यायचं नाही! हाड बसवायला भूल द्यावी लागली, तर पोट रिकामं असलेलं बरं. म्हणजे रडणाऱ्या मित्राला पेढा देऊन गप्प करायची युक्ती इथे चालत नाही!

मग जवळचं आरोग्य केंद्र, नाहीतर चिखली, खामगाव किंवा बुलढाण्याचा दवाखाना. जिथे फोटो निघतो आणि हाडांचे डॉक्टर असतात, तिथे. बोटं निळी पडली, गार झाली किंवा हाड कातडीबाहेर दिसलं, तर एक मिनिटही थांबायचं नाही.

आज घरी एक तालीम करायची? ताईची ओढणी माग. ती तिकोनी दुमडून धाकट्याचा हात झोळीत ठेव. गाठ मानेच्या बाजूला, कोपर काटकोनात, हाताचा पंजा कोपरापेक्षा थोडा वर. मग डॉक्टरांसारखं ऐटीत विचार, "बोटं हलव बघू! सगळी गुलाबी आहेत ना?" धाकटा कंटाळून पळून जाईपर्यंत तुझी झोळी पक्की झालेली असेल. आणि कुणी काका, मामा म्हणालाच, "आण इकडे, एक झटका देतो," तर कंबरेवर हात ठेवून सांगायचं, "काका, तुमच्या हाडात वाढीची चकती नाही, आमच्यात आहे! आधी फोटो!"